दोघांचे अंकल

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक पांढरी व्हॅन रोज तोंड बाहेर करून उभी असायची. बाकी सगळ्यांच्या गाड्या नाक भिंतीला टेकवून, ही एकटीच निघायच्या तयारीत. ऑकलंडच्या अल्बनी भागातलं ते ऑफिस नवंकोरं होतं. समोर मॉल, मागे युनिव्हर्सिटी. पळून जावं असं तिथे काही नव्हतं. पण व्हॅनच्या मालकाचं म्हणणं असं की कार्यक्रम बिघडला तर गाडी वळवायला वेळ मिळत नाही, आणि सवय ही एकदा लावली की सगळीकडे सारखीच ठेवावी लागते.

कसला कार्यक्रम, हे मला कळायला तीन-चार दिवस लागले.

मी तेव्हा पुण्याहून न्यूझीलंडला नुकतीच आले होते. दोन हजार तीन-चारची गोष्ट. नवरा अजून पुण्यातच होता, मी अवोन्डेलमध्ये एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी होती. रविवारच्या बाजारात मी मेथी समजून भलतीच कसली तरी जुडी उचलली, तेव्हा शेजारून एका बाईंनी ती माझ्या हातातून काढून परत ठेवली. म्हणाल्या, "अगं, ती मेथी नाही. ते लोक मटणात घालतात ते. इकडे ये." त्या काकू. त्यांचे यजमान माझ्याच ऑफिसात नेटवर्कचं काम बघतात हे बोलता बोलता निघालं, आणि सोमवारपासून मी त्या पांढऱ्या व्हॅनमधून ऑफिसला जायला लागले.

काका पन्नाशीचे, मूळचे ठाण्याचे. अंगात पांढरा फुल शर्ट, कडक इस्त्रीचा, बाह्यांची बटणं लावलेली. खाली काळी पँट. आणि पायात जँडल्स, म्हणजे आपली रबरी स्लीपर. मॅनेजरने एकदा त्याबद्दल हळूच विचारलं होतं. काकांनी त्याला "साहेब" म्हणून आपल्या पायांच्या सुजेची अशी साग्रसंगीत माहिती दिली की त्याने विषय कायमचा सोडला. काका सगळ्यांनाच साहेब म्हणायचे. पबच्या दारावरच्या आडदांड रखवालदारालासुद्धा.

व्हॅनच्या मागच्या भागात माझ्या कमरेइतके उंच दोन स्पीकर होते, सोलापुरी चादरीत गुंडाळलेले. मला वाटलं गणपती मंडळाचे असतील. विचारलं तर म्हणाले, "पोरांचे आहेत." मला वाटलं मुलगे असतील. पण त्यांना एकच मुलगी होती, ती डनेडिनला फार्मसी शिकत होती. पोरं म्हणजे तामा आणि सेमी. तामा माओरी, सेमी सामोअन. दोघं साउथ ऑकलंडमध्ये एकाच गल्लीत वाढलेले, विशीतले, आणि त्यांची हिप-हॉपची जोडी होती. म्हणजे मागे ठेका चालू ठेवून त्यावर यमकात भरभर बोलायचं, ते गाणं. आमचे काका, एका आयटी कंपनीतले नेटवर्क इंजिनियर, त्या जोडीचे मॅनेजर, ड्रायव्हर आणि हमाल होते.

यात ते कसे पडले, हे मला काकूंनी सांगितलं. काकांना विचारलं की ते दर वेळी वेगळं कारण द्यायचे.

नव्वदीच्या शेवटी काका-काकू इथे आले तेव्हा मांगेरेत राहायचे, विमानतळाजवळ. विमानं इतकी खालून जायची की फडताळातल्या वाट्या वाजायच्या. काकांना मुंबईत टेलिफोनच्या कामाचा वीस वर्षांचा अनुभव होता, पण इथे जो तो "लोकल एक्स्पीरियन्स" विचारायचा. काकूंना लगेच वृद्धाश्रमात काम मिळालं. काका घरी. दिवसभर मागच्या पायरीवर बसून लसूण सोलायचे. काकू म्हणायच्या, त्या वर्षी आमच्याकडे सोललेल्या लसणीचा कधी तुटवडा पडला नाही.

कुंपणापलीकडे सेमीच्या घराचं गॅरेज होतं. शाळा सुटली की तिथे ही दोन पोरं टेपरेकॉर्डर लावून सराव करायची. एके दिवशी टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. ठेका बंद पडला, पोरं एकमेकांवर खेकसायला लागली, आणि तेवढ्यात कुंपणाच्या अलीकडून ठेका सुरू झाला. काका बादली उपडी घालून वाजवत होते. लहानपणी थोडाफार तबला शिकले होते, फार नाही. पोरं कुंपणावर चढली. अंकल, परत वाजवा, म्हणाली.

"तेव्हापासून रोज चार वाजता हाक यायची," काकू सांगत होत्या. त्या भाजी निवडत होत्या आणि मान वर न करता बोलत होत्या. "दिवसभर ह्यांना एक फोन यायचा नाही. कामावरून मी थकून यायचे, तर हे आंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून तयार. इंटरव्ह्यूला निघाल्यासारखे. आणि जायचं कुठे, तर शेजारच्या गॅरेजात."

पुढे नोकरी मिळाली, ते अवोन्डेलला राहायला आले, पण इस्त्री आणि पोरं सुटली नाहीत.

जोडीचं नावही काकांच्या घरातलंच. कुणाचं नाव आधी लावायचं यावरून पोरांची रोज भांडणं. एका संध्याकाळी काकूंनी आतून विचारलं, जेवायला किती? काका वैतागून म्हणाले, "दोघं." तामाने तो शब्द उचलला. अर्थ विचारला, सेमीला सांगितला, आणि साउथ ऑकलंडच्या भिंतींवर इंग्रजी अक्षरांत 'दोघं' अशी पोस्टरं लागली. लोक त्याला डोगा म्हणायचे. काहींना कुत्र्यांशी काही संबंध आहे असं वाटायचं. काका प्रत्येक कार्यक्रमाआधी निवेदकाला बाजूला घेऊन घ म्हणायला शिकवायचे. घ पोटातून येतो साहेब, घशातून नाही. निवेदक बिचारा पोटावर हात ठेवून प्रयत्न करायचा आणि स्टेजवर जाऊन डोगाच म्हणायचा.

कार्यक्रम म्हणजे काय, तर शाळेची जत्रा, चर्चच्या तरुण मंडळाचा मेळावा, जुन्या गाड्यांच्या दुकानाचं उद्घाटन. शनिवार-रविवार त्यातच जायचा. मी काही वेळा गेले त्यांच्याबरोबर, एकटीला घरात बसून काय करायचं म्हणून. गाणं सुरू झालं की काका स्टेजकडे पाठ करून उभे राहायचे आणि प्रेक्षकांचे पाय बघायचे. हाताची घडी, मान खाली. मला आधी वाटलं त्यांना आवाज सहन होत नाही. मग त्यांनी सांगितलं की लोक तोंडदेखलं हसतात, टाळ्याही वाजवतात, पाय मात्र उगीच हलत नाहीत.

शब्द त्यांना निम्मे कळायचे नाहीत. सोमवारी सकाळी हार्बर ब्रिजवर गाड्या तुंबलेल्या असायच्या, तेव्हा ते मला एकेका शब्दाचा अर्थ विचारायचे. ही शिवी आहे का? मोठी की लहान? मी लाजायचे, पण सांगायचे. शिव्यांबद्दल त्यांचा पोरांना नियम होता. एका गाण्यात एक. हिंग चिमटीनेच घालायचा असतो, असं त्यांनी त्या दोघांना हिंगाची डबी उघडून, वास देऊन पटवलं होतं. तामा त्यावरून बरेच दिवस शिवीला हिंग म्हणायचा.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. संगीतातलं आपल्याला कळतं हा त्यांचा समज पोरांनी कधी मोडला नाही, एवढंच. ते म्हणायचे गाणं हळू घ्या, पोरं मान डोलवायची आणि होतं तेवढ्याच वेगाने म्हणायची. जे एक गाणं पुढे खरंच चाललं, सेमीच्या आईवरचं, ते काकांनी "राहू दे, रडकं आहे" म्हणून बाजूला ठेवायला सांगितलं होतं. सेमीची आई विमानतळावर सफाईचं काम करायची. गाण्यात तामा तिच्या दिवसाबद्दल भरभर बोलत जायचा, आणि मध्येमध्ये सेमी आपल्या जड आवाजात फक्त तिला हाक मारायचा. ते रेडिओवर लागायला लागलं. काकांनी ते पहिल्यांदा डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकलं. दूध घ्यायला गेले होते. दुकानदार गुजराती होता. त्याने नंतर काकूंना सांगितलं की तुमचे मिस्टर दुधाची बाटली छातीशी धरून गाणं संपेपर्यंत उभे राहिले आणि दूध तिथेच ठेवून घरी गेले.

त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाने गणपतीत तरुणांसाठी काहीतरी हवं म्हणून काकांना विचारलं. काका पोरांना घेऊन आले. शाळेच्या हॉलमध्ये पैठण्या नेसलेल्या बायका पुढे बसलेल्या, आणि स्टेजवर हे दोन धिप्पाड तरुण. काकांनी त्यांना सुरुवातीला नमस्कार म्हणायला शिकवलं होतं. त्यांनी किया ओरा, तालोफा, नमस्कार असं तीन भाषांत म्हटलं आणि हॉल खूश झाला. मुलं तर खुर्च्यांवर चढली. इथे वाढलेली, घरी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी ती मुलं, त्यांना पहिल्यांदाच मंडळात काहीतरी आपलं सापडलं होतं. पण दुसऱ्या गाण्याच्या मध्यात कुणीतरी आवाज कमी केला. मग जेवणाच्या वेळी कार्यकारिणीतले एक गृहस्थ काकांच्या कानाशी येऊन म्हणाले की पोरांना बाहेर ओट्यावर बसवू, त्यांनाही मोकळं वाटेल.

काकांनी पानं वाढून घेतली आणि बाहेर ओट्यावर पोरांच्या मध्ये जाऊन बसले. काकू गेल्या. मग मीही गेले. सेमीला मोदक फार आवडले. तामाने मात्र विचारलं, अंकल, आपण बाहेर का बसलोय? काका म्हणाले, आत फार गरम होतं. तामा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळायचं. तो चटकन समजणारा आणि चटकन दुखावणारा मुलगा होता. सेमी शांत, थोडा सुस्त, कुठेही झोपणारा.

गाणं चाललं म्हणून बोलावणी वाढली आणि बोलावण्यांनी सगळ्यांना दमवलं. सेमी आता आईच्याच विमानतळावर सामान चढवायचं काम करायला लागला होता. काका शनिवारी दिवसभर गाडी चालवायचे आणि सोमवारी ब्रिजवर, गाडी थांबली की, डोळे मिटायचे. मी दचकून हाक मारायचे. "जागा आहे," म्हणायचे, "डोळ्यांना जरा बसवतोय." काकू वृद्धाश्रमातून येऊन रविवारी दहा माणसांचा स्वयंपाक करायच्या. कुणाची तक्रार नव्हती, पण त्या घरात शिरलं की आता सगळे बसलेलेच दिसायचे.

पोरिरुआचा कार्यक्रम पुढच्या हिवाळ्यातला. पोरिरुआ म्हणजे वेलिंग्टनच्या अलीकडचं गाव. ऑकलंडहून उभं बेट ओलांडून जायचं, पहाटे निघालं तर दुपारी पोचतो असा रस्ता. माझी कॉलेजची मैत्रीण तिथे राहायची म्हणून मीही निघाले. काका एका हाताने पोळी-चटणीची सुरळी खात गाडी चालवत होते. मागे सेमी रात्रीची शिफ्ट करून तसाच आलेला, स्पीकरला टेकून झोपलेला. तामा खिडकीशी आपल्या ओळी पुटपुटत होता.

पोचलो तर त्याच दुपारी रग्बीची मोठी मॅच. हॉल जवळजवळ रिकामा. आयोजकांचे नातेवाईक, काही शाळकरी मुली, आणि मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला कोट घातलेला एक माणूस. सेमी झोपेतून उठून उभा राहिलेला. दोनदा त्याची ओळ आली आणि तो बोललाच नाही. दोन्ही वेळा तामाने आपली ओळ न तोडता त्याचीही ओळ घेतली. इतक्या सफाईने, की मला ते आधी कळलंच नाही. कळलं ते त्या कोटवाल्याला.

कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये तो काकांजवळ आला. वारा असा होता की मी थर्मासचं झाकण दोन्ही हातांनी धरलं होतं. तो एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस होता, बोलायला सभ्य. म्हणाला, तामा तयार आहे, आम्हाला त्याची रेकॉर्ड करायची आहे. दुसरा मुलगा चांगला आहे, पण आम्हाला एकटा तामा हवा. तुमचं ते ऐकतात, तुम्हीच सांगितलंत तर बरं. काकांनी त्याला थर्मासच्या झाकणातून चहा दिला. तो पिऊन होईपर्यंत वाट पाहिली, झाकण परत घेतलं आणि म्हणाले, "वुई विल सी, साहेब."

परतीच्या रस्त्यावर त्यांनी पोरांना काही सांगितलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही.

फोन यायला लागले. ब्रिजवर गाडी थांबलेली असायची, डॅशबोर्डवर मोबाइल थरथरायचा, काका नाव बघून तो उपडा ठेवायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, काका, सांगायला नको का? ते म्हणाले, "सांगितलं तर एक जातो आणि एक राहतो. नाही सांगितलं तर दोघं राहतात." मी म्हटलं, असं किती दिवस? म्हणाले, "बघू. थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणता म्हणता थंडी संपली. त्या माणसाने शेवटी घरच्या नंबरवर फोन केला आणि तो काकूंनी उचलला.

मी त्या संध्याकाळी काकांबरोबरच घरी गेले होते, काकूंनी माझ्यासाठी भाजणी दळून ठेवली होती म्हणून. काकू दारातच उभ्या होत्या. माझ्यासमोर त्या काकांना कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "अहो, मांगेरेत तुम्ही पायरीवर बसून असायचात. तेव्हा तुमच्यासाठी एखादा फोन आला असता आणि मी तो सहा महिने दाबून ठेवला असता, तर?"

काका जँडल्स काढत होते. एक काढली, दुसरी पायात तशीच ठेवून आत जाऊन बसले. काकूंनी मला भाजणीचा डबा दिला आणि रविवारी दुपारी जेवायला ये म्हणाल्या. बाहेरचं माणूस असलं की आवाज चढत नाहीत.

रविवारी पोरं आली तेव्हा रस्त्याकडेचे पोहुतुकावा लाल फुलांनी भरले होते. म्हणजे नाताळ जवळ आला होता. वरण, भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या. काकूंनी ताटं घेतली आणि काका म्हणाले, जेवायच्या आधी बोलायचंय. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. कोण माणूस, काय म्हणाला, त्याला कोण हवा होता. शेवटी, मी हे तुम्हाला सांगितलं नाही, असं इंग्रजीत म्हणाले.

तामाने फक्त विचारलं, कधीची गोष्ट ही?

"पोरिरुआ," काका म्हणाले.

तामाने खिडकीबाहेर बघितलं. तो रागावला की त्याचा आवाज खाली जायचा. म्हणाला, "माझा बापही मला न विचारता माझं ठरवायचा, अंकल. मला वाटलं होतं तुम्ही विचाराल."

काकांनी मान हलवली. सेमी इतका वेळ ताटाकडे बघत होता. तो तामाला म्हणाला, तू जा. मला पोरिरुआतच कळलं होतं. तुझ्या ओळी सांभाळून तू माझ्याही सांभाळतोस, मला लाज वाटते. जा तू.

तामा उठला. काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, दार उघडून गेला. सेमी बसून राहिला आणि जेवला. काकूंनी केलंय म्हणून जेवला, खाली मान घालून, पुऱ्या संपेपर्यंत. काका जेवले नाहीत. मी काय केलं ते आठवत नाही. जेवले असेन.

नंतरच्या वर्षात व्हॅनमधले स्पीकर गेले. सेमीच्या चर्चला दिले. मागचा भाग रिकामा झाल्यावर गाडी खड्ड्यांवर डब्यासारखी वाजायची. शनिवार-रविवार मोकळे झाले आणि काकांना त्यांचं काय करायचं ते कळेना. लॉन कापायचे, अर्धं झालं की बसायचे. सेमी दर आठवड्याला यायचा. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तो त्या घरात आणखी गाढ झोपायला लागला. तामा आला नाही. काकूंना वाढदिवसाला फोन करायचा, पण काका उचलतील अशा वेळी कधी नाही.

त्याची रेकॉर्ड आली. काकांनी दुकानातून तिची सीडी विकत घेतली आणि एका सकाळी व्हॅनमध्ये लावली. अवोन्डेलपासून अल्बनीपर्यंत आम्ही तीच ऐकत गेलो. तामा छान झाला होता, मोठा झाला होता. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचल्यावरही काकांनी इंजिन बंद केलं नाही. एक गाणं मागे घेतलं.

"इथे ऐक," म्हणाले. "दुसऱ्या कडव्यात. इथे तो दमतो."

मला काही वेगळं ऐकू आलं नाही. त्यांनी परत लावलं. मग समजावून सांगितलं की तामा लहानपणापासून त्याच वेगाने बोलायचा, पण दर चार ओळींनी सेमी यायचा. सेमी बोलायचा तेवढ्यात तामा श्वास घ्यायचा. इतकी वर्षं त्याने तिथेच श्वास घेतला. आता सेमी नाही, आणि लिहिताना याने ती जागा शब्दांनी भरून टाकली आहे.

"श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही त्याने," काका म्हणाले. रेकॉर्डमध्ये चालून जातं, कापून जोडतात. स्टेजवर मरेल.

आणि मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. एवढ्या महिन्यांत जो नंबर लावला नव्हता तो लावला. तामाने उचलला नाही. काकांनी निरोप ठेवला, त्यांच्या त्या एकेका शब्दावर पाय देत चालणाऱ्या इंग्रजीत. तामा, अंकल बोलतोय. अमुक गाणं, दुसरं कडवं, तिसऱ्या ओळीच्या शेवटचे दोन शब्द काढून टाक. तिथे श्वास घे. बाकी चांगलं आहे. मग जरा थांबून म्हणाले, नीट जेवत जा. आणि बंद केला.

उत्तर आलं नाही. मीही परत विचारलं नाही. पुढे मंदी आली, ऑफिसातली माणसं कमी केली, त्यात काकांची नोकरी गेली. निरोप समारंभात त्यांनी मॅनेजरला साहेब म्हणून नमस्कार केला. मी बसने जायला लागले. नवरा आला होता, आम्ही दुसरीकडे घर घेतलं, आणि काकूंकडे जाणं सणावारापुरतं उरलं. पुढे तामाने आणखी एक रेकॉर्ड केली, मग तो ब्रिस्बेनला गेला, तिथे आता शाळेतल्या मुलांबरोबर काम करतो असं सेमी सांगतो.

पण ब्रिस्बेनला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याचा एक फुकट कार्यक्रम होता, साउथमधल्या एका बागेत, भर दुपारी. काकूंना कामावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून काकांबरोबर मला जायला सांगितलं. सेमी आला, मुलीला खांद्यावर घेऊन. चटया अंथरून घरंच्या घरं बसली होती, पोरं भिजल्या टॉग्जमध्ये, पोहण्याच्या कपड्यांतच, धावत होती. काका थकलेले दिसत होते. गुडघे धरले होते त्यांचे. पण शर्ट पांढरा होता.

तामाने ते गाणं चौथं घेतलं. पहिलं कडवं गेलं. दुसरं आलं तसे काका पुढे वाकले. तिसरी ओळ आली, तामा क्षणभर थांबला, छाती वर झाली, आणि तो पुढे निघाला. शेवटपर्यंत कुठे दमला नाही. सेमी म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास.

गाणं संपल्यावर तामाने गर्दीत आमच्याकडे बघितलं. इथली माणसं लांबून ओळख द्यायला भुवया उडवतात. त्याने उडवल्या. काकांनीही उडवल्या. इतक्या वर्षांत त्यांना एवढं जमायला लागलं होतं. सेमी म्हणाला, अंकल, मागे जाऊन भेटू या. काका म्हणाले, तो आत्ता कामावर आहे, तू जा. सेमी गेला. स्टेजच्या बाजूला तामा खाली उतरला आणि त्याने सेमीच्या खांद्यावरून मुलीला उचलून घेतलं, ते आम्हाला इथून दिसलं.

ऊन फार होतं. मी काकांना झाडाखाली नेलं. ते खोडाला टेकून बसले, डोळे मिटले. झोपले असं समजून मी पाण्याची बाटली शोधत होते.

"दोन शब्द गाळले त्याने," ते डोळे न उघडता म्हणाले. "कुठले, लक्षात आलं तुझ्या?"

मी म्हटलं, तुम्ही सांगितलेले. निरोप पोचला की.

"छे. ते तर ठेवले तसेच. त्यांच्या आधीचे दोन काढले त्याने."

मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. मी काहीतरी म्हणणार होते, पण त्यांनी बाटली मागितली, दोन घोट पाणी प्यायले आणि झाकण लावलं.

"बरोबर आहे त्याचं," म्हणाले. "माझे गेले असते तर अर्थ गेला असता."